मॅडम गाडीत बसल्यात

१

उन्हाळ्यात मस्कतमध्ये गाडीत बसायची एक रीत असते. आधी चारही दारं उघडायची. मग मिळेल त्या सावलीच्या पट्ट्यात उभं राहून आतली वाफ बाहेर पडू द्यायची. स्टिअरिंगवरचा टॉवेल काढायचा, पट्ट्याच्या लोखंडी टोकाला बोट लागू न देता तो ओढायचा, आणि सीटवर आधी नुसतं टेकायचं, मग बसायचं. युस्टेस ही रीत इतकी वर्षं पाळत आला होता की वसईला सुट्टीवर गेला तरी भावाच्या गाडीची दारं उघडून तो अंगणात उभा राहायचा, आणि सगळे त्याला हसायचे.

त्या गुरुवारी दुपारी अल हैलमधल्या आपल्या इमारतीखाली, उघड्या पार्किंगमध्ये, तो गाडी रिकामी करत होता. दुसऱ्या दिवशी ती भंगारात जायची होती. एसी कधीचा मेला होता, गिअरबॉक्स कुरकुरत होता, आणि गॅरेजवाल्यानं स्वच्छ सांगितलं होतं की आता हिच्यावर खर्च करणं म्हणजे वेडेपणा. त्यात भावनेला जागा नव्हती. युस्टेस विमा कंपनीत मोटार क्लेम बघायचा. उंट आडवा आला, ब्रेक आपोआप लागला, समोरच्यानं दिवे मारून डोळे दिपवले, असल्या गोष्टी दिवसभर ऐकून घ्यायच्या आणि मग खाली जाऊन गाडी बघायची, हे त्याचं काम. माणसं काहीही सांगतात, पत्रा खोटं बोलत नाही, असं तो नव्या पोरांना सांगायचा.

आरशाला लटकवलेली रोझरी त्यानं खिशात टाकली. डिकीतली जुनी छत्री, चटई, जम्प केबल बाहेर काढली. मग समोरच्या खणातले कागद काढायला तो उजवीकडच्या, म्हणजे इथे ड्रायव्हरशेजारच्या, दारातून आत वाकला आणि तोल सांभाळायला त्यानं हात सीटवर टेकला. चटका बसणार म्हणून अंग आधीच आखडलं होतं.

सीट थंड होती.

ओली नव्हती. थंड. पहाटे फरशीवर पाय टेकावा तशी.

त्यानं हात उचलून बघितला. मग ड्रायव्हरच्या सीटला लावला, आणि झटकन मागे घेतला. ती तव्यासारखी तापली होती. मागची सीटही तशीच. पुन्हा उजवीकडची. कडेला तापलेली, पण मधोमध, जिथे माणूस बसतं तेवढ्याच भागात, थंड. पाठीलाही तसंच, खांद्याच्या उंचीपर्यंत.

युस्टेस सरळ उभा राहिला. सावली पडली असेल. पण सावली कशाची पडणार? आजूबाजूला झाड नाही, भिंत नाही. काहीतरी सांडलं असेल, ते वाळताना गारवा येतो. पण डाग नव्हता. फोममधलं काही असेल. त्यानं दारं लावली आणि सामान घेऊन तो वर गेला. जिन्यात त्याच्या लक्षात आलं की उजवीकडचं दार लावताना आपण ते हळूच लावलं, आत कुणाचा पाय असावा तसं.

२

घरात पडदे लावलेले होते आणि एसीची घरघर चालू होती. लिलियन नेहमीच्या खुर्चीत बसली होती. टीव्ही चालू होता, आवाज बंद.

ती आजारी नव्हती. डॉक्टरनं सगळं तपासून सांगितलं होतं, या वयात इतके चांगले रिपोर्ट मी बघत नाही. शाळेतल्या केजीच्या वर्गातून ती निवृत्त झाली, त्याच सुमारास मुलगी अ‍ॅश्ली शिकायला कॅनडाला गेली, आणि त्यानंतर लिलियन हळूहळू कमी बोलायला लागली, इतकंच. मग तिनं बाहेर जाणंही सोडलं. तू जा, मला नको, असं म्हणायची.

खरं तर ती बोलायची ती गाडीतच. फ्लॅटच्या भिंती पातळ, शेजारी ऐकतील म्हणून दोघांची भांडणंसुद्धा गाडीत व्हायची. सकाळी शाळेत सोडायला निघालं की पट्टा लावायच्या आधी तिचं तोंड सुरू. वरची पट्टी खाली करून तिच्यातल्या आरशात ती लिपस्टिक लावणार, मध्येच चर्चमधलं गाणं मोठ्यानं म्हणणार, आडवा घुसणाऱ्याला अस्सल वसईच्या शिव्या देणार. आई गेल्याचा फोन तिला गाडीतच आला होता आणि ती तिथेच पोटभर रडली होती; वर आली ती डोळे पुसून, स्वयंपाकाला लागली. इमारतीखाली गाडी थांबून ती उतरली की रेडिओ बंद केल्यासारखं वाटायचं.

"उद्या नेतोय गाडी," युस्टेस म्हणाला. "बरकाला, भंगारवाल्याकडे. वॉरन येतोय मागून त्याची गाडी घेऊन, परत यायला."

"ने."

"येतेस? शेवटची चक्कर."

"मी कशाला? तू जा ना."

"तुझी सीट थंड लागली मघाशी. एवढ्या उन्हात."

तिनं टीव्हीवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिनं असं नीट बघितलं होतं. "माझी काय त्यात," ती म्हणाली. "गाडी आहे ती."

उठताना आधार म्हणून तिनं त्याचा हात धरला, आणि त्याला चटका बसला. तिचा तळवा कोरडा आणि तापलेला होता. तापातल्या माणसाचा असतो तसा नव्हे. उन्हात विसरलेल्या पितळेच्या भांड्यासारखा. एसी तर पूर्ण जोरात होता.

"ताप आहे का तुला?"

"नाही रे," ती म्हणाली आणि आत गेली.

३

शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत ते निघाले. युस्टेस जुन्या गाडीत, खिडक्या उघड्या टाकून, मागून वॉरन. वॉरन त्याच्या गावाकडचा, एका हॉटेलात स्टोअर्स सांभाळायचा, आणि सुट्टीच्या दिवशी लवकर उठवलं म्हणून त्यानं फोनवर आधीच भरपूर ऐकवलं होतं.

हायवेवर वारा आत शिरायला लागला तसं युस्टेसला बरं वाटलं. पुढे एक पिकअप चालला होता, मागे बकऱ्या बांधलेल्या, आणि बकऱ्यांच्या मध्ये एक म्हातारा निवांत पेपर वाचत बसलेला. "बघ बघ, साहेब कसे बसलेत," युस्टेस मोठ्यानं म्हणाला.

म्हणाला, आणि गप्प झाला. सवय. इतक्या वर्षांची सवय जाते का एका दिवसात? पण त्याला खटकलं ते आपलं बोलणं नव्हे. रिकाम्या गाडीत माणूस बोलतो तेव्हा शब्द कुठेतरी पडून जातात. हे पडले नाहीत. कुणीतरी ते ऐकून घेतले, आणि हसू दाबलं, असं वाटलं.

त्यानं उजवीकडे बघितलं नाही. बघायला काही हरकत नव्हती. त्यानं बघितलं नाही एवढंच. रस्त्यावर लक्ष ठेवणं हे ड्रायव्हरचं कामच असतं.

बरकाच्या अलीकडे खजुराच्या बागा संपल्या की आत एक मातीचा रस्ता जातो. तिथे पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणाच्या वर डोकावणारे गाड्यांचे सांगाडे. युस्टेसनं आत गाडी लावली आणि उतरून आळोखेपिळोखे दिले. वॉरन बाहेर सावलीत गाडी लावून चालत आला.

"अरे, लिलियनला कशाला आणलीस या उन्हात?" तो म्हणाला.

"लिलियन? ती घरी आहे."

वॉरननं गाडीकडे बघितलं. काचांवर धूळ होती आणि सूर्य समोरून होता, आत धड काही दिसत नव्हतं. "मागून मला डोकं दिसत होतं," तो म्हणाला. "पूर्ण रस्ताभर. मी म्हटलं, चला, बाई बाहेर पडली एकदाची."

"हेडरेस्ट असेल."

"हेडरेस्ट," वॉरन म्हणाला. "हो. तेच असणार." आणि त्यानं उगाच गॉगल पुसला.

४

ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली होती, पण आत छान गार होतं. यार्डाचा मालक हमझा हा साठीचा ओमानी गृहस्थ. पांढरीशुभ्र, पायघोळ डिशडाशा, डोक्यावर नक्षीची टोपी. त्यानं दोघांना बसवलं, थर्मासमधून छोट्या पेल्यात कहवा ओतला, खजुराचं ताट पुढे केलं. हिंदी तो इथल्या बाजारातली बोलायचा. घर कुठे, मुलं किती, इंडियात पाऊस आला का, सगळं विचारून झालं. मग पेला खाली ठेवून, नजर दुसरीकडे वळवून, अगदी अदबीनं तो म्हणाला, "सदीक, दोस्त, मॅडम बाहर काहे को बैठा? गर्मी वाजिद, बहुत. इधर अंदर बैठो, एसी है."

वॉरन युस्टेसकडे बघायला लागला.

"मॅडम नहीं आया," युस्टेस म्हणाला. "मॅडम घर में है."

हमझानं मान हलवली. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडू नये, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्यानं पाण्याची थंड बाटली काढली आणि यार्डाच्या कामावरच्या सुफियानला हाक मारून त्याच्या हातात दिली. सुफियान हा मुलतानकडचा उंच माणूस. तो बाटली घेऊन गेला आणि रिकाम्या हातानं परत आला.

युस्टेसनं फोन काढला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, पण क्लेमच्या कामात तो हेच करायचा. शंका आली की सरळ फोन लावायचा. दोनदा वाजला आणि लिलियननं उचलला.

"काय रे?"

"काही नाही. कुठे आहेस?"

"कुठे असणार? बसलेय."

तिचा आवाज मोकळा होता. पूर्वीचा. त्याला इतकं बरं वाटलं की तो हसला. "जेवायला काय करतेस?"

"आधी ये तर. किती वेळ लावतोस? मला उकडून राहिलंय इथे."

बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडा घालायला लागलं. ठण्ण. ठण्ण. युस्टेसनं दुसऱ्या कानावर हात ठेवला, आणि त्याचा हात तिथेच राहिला. कारण हातोडा थांबला नव्हता. तो फोनमधून येत होता. ठण्ण. ठण्ण. बाहेरच्यासारखाच, आणि बाहेरच्यापेक्षा स्पष्ट.

"तिकडे काय ठोकतायत?" त्यानं विचारलं.

"काय माहीत. चाललंय काहीतरी."

वरच्या मजल्यावर काम निघालं असेल. किंवा इथलाच आवाज आपल्या फोनमधून जाऊन परत येत असेल. असं होतं, तांत्रिक कारण असतं त्याला. हे सगळं त्याच्या डोक्यात नीट ओळीनं आलं. तेवढ्यात दारात उभा असलेला सुफियान आवाज खाली आणून हमझाला म्हणाला, "मॅडम फोन पे हैं, अर्बाब. बात कर लें, फिर गाडी उठाते हैं."

युस्टेसनं फोन बंद केला.

"हो गई बात," सुफियान म्हणाला.

५

तो गाडीकडे एकटाच चालत गेला. वॉरन ऑफिसच्या दारातून पुढे आला नाही. फोनवर काहीतरी बघत असल्यासारखा उभा राहिला.

युस्टेसनं उजवीकडचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. पाण्याची बाटली सीटच्या बाजूच्या खाचेत उभी होती, अर्धी रिकामी. त्यानं सीटला हात लावला नाही.

"कोई नहीं है," तो मागे वळून म्हणाला. "देखो. खाली."

हमझा आणि सुफियान थोड्या अंतरावर उभे होते. दोघांनीही गाडीत बघितलं नाही. परक्या बाईकडे टक लावून बघू नये म्हणून भले लोक नजर खाली ठेवतात, तशी दोघांची नजर मातीवर होती. पलीकडे क्रेनचा पंजा हवेत थांबला होता आणि वरचा ड्रायव्हर हातानं विचारत होता, काय झालं?

"साब," सुफियान म्हणाला, "आपका घर का मामला है, हम क्या बोलें. लेकिन मॅडम को उतरने को बोलो. हम ऐसे गाडी नहीं उठा सकते."

"अरे पण..."

"हम नहीं बोल सकते ना. आप बोलो."

युस्टेसच्या मानेवरून घाम ओघळत होता. हसून सोडून द्यावं, परत जावं, वेड्यांचा बाजार आहे असं म्हणावं. पण गाडी परत नेऊन काय करणार होता तो? परत ती इमारतीखाली उन्हात उभी राहणार, आणि तो रोज तिच्याजवळून जाणार. हे आत्ता संपलं पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. दोन शब्द बोलायचे तर आहेत. रिकाम्या गाडीशी बोललं म्हणून कुणाचं काय बिघडतं?

तो खाली वाकला. "लिलियन," तो म्हणाला. आवाज त्याच्या मनात होता त्यापेक्षा मऊ निघाला. "चल, उतर आता."

क्षणभर काही झालं नाही. मग गाडी उजव्या बाजूनं वर उचलली गेली. फार नाही, दोन बोटं. स्प्रिंग कुईं करून वाजली, जशी ती जड माणूस उतरल्यावर वाजते, जशी ती शाळेच्या फाटकापाशी रोज सकाळी वाजायची. सुफियान एक पाऊल मागे सरला, वाट द्यायला. हमझानं छातीवर हात ठेवला, ऑफिसच्या दाराकडे दुसरा हात केला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तफद्दली, तफद्दली." या, या.

मातीवर युस्टेसला काही दिसलं नाही. त्यानं बघितलंच नाही. तो भराभर चालत फाटकाबाहेर वॉरनच्या गाडीत जाऊन बसला. वॉरन मागोमाग आला. त्यानं एसी लावला, काचा वर केल्या, गाणं लावलं. मागे यंत्राचा पंजा पत्र्यात रुतल्याचा आवाज आला.

मातीच्या रस्त्याला लागताना आरशात सुफियान दिसला. तो फाटकातून धावत बाहेर आला होता, हात हलवत होता. काचा बंद होत्या तरी युस्टेसला शब्द न् शब्द ऐकू आला.

"साब! मॅडम रह गईं! साब!"

"काय म्हणतोय तो?" वॉरननं पाय ब्रेकवर नेला.

"काही नाही," युस्टेस म्हणाला. "चल तू. यल्ला."

६

घरी पोचेपर्यंत त्यानं सगळं जागेवर बसवलं होतं. हमझाला भास झाला, त्याच्या बोलण्यावरून सुफियानला. वॉरनला हेडरेस्ट दिसलं. स्प्रिंग तापून प्रसरण पावली. बाटलीतलं पाणी सुफियानच प्यायला असणार, एवढ्या उन्हात कोण नाही पिणार? क्लेम निकालात काढावा तसा त्यानं तो दिवस निकालात काढला. फक्त चावी खिशात असूनही त्यानं घंटी वाजवली.

लिलियननं दार उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे. पडदे उघडे होते. घरात सुरमई तळल्याचा वास होता. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. ती होती. घरी होती. मघाशी बोलल्याप्रमाणे, इथेच बसली होती.

ती त्याच्याकडे बघून हसली.

"आलात?" ती म्हणाली. "दमला असाल. बसा, पाणी देते."

७

लग्नाच्या आधीपासून ती त्याला अरे-तुरे करायची. सासूबाईंना ते आवडलं नव्हतं, पाव्हण्यांसमोर तरी अहो म्हण, असं त्या म्हणायच्या, आणि लिलियन मुद्दाम पाव्हण्यांसमोरच "ए युस्टेस" म्हणून हाक मारायची. तिच्या तोंडून "तुम्ही" त्यानं कधी ऐकलं नव्हतं. आधी त्याला वाटलं, थट्टा करतेय. त्यानंही थट्टेत "बरं बाईसाहेब" म्हणून बघितलं. ती समजूतदारपणे हसली.

बाकी सगळं उत्तम होतं. ती परत स्वयंपाकाला लागली, घर आवरायला लागली. बाहेर यायला तयार झाली. चर्चमध्ये लोक म्हणाले, लिलियन किती छान दिसतेय. नवी गाडी आली, म्हणजे जुनीच पण बऱ्यातली. तेव्हा ती खाली आली, मागचं दार उघडलं आणि मागे बसली.

"पुढे बस ना."

"नको, मी इथे बरी. तुम्ही चालवा."

ती रस्ताभर एक शब्द बोलली नाही. कुणी आडवा घुसला तर हातावर हात ठेवून बघत राहिली.

अ‍ॅश्लीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यानं फोन बाल्कनीत नेला. "ममी कशी वाटते तुला?"

"शी लुक्स गुड, पपा! खूप... व्हॉट्स द वर्ड... शांत."

"तुला काही वेगळं नाही वाटत? बोलण्यात? मला तुम्ही म्हणते ती."

"सो? दॅट्स रिस्पेक्ट, ना?" अ‍ॅश्ली हसली. तिचं मराठी शाळेतच मागे राहिलं होतं. तिला कसं सांगणार, एका अक्षरानं माणूस किती लांब जातं ते?

शेवटी एके दिवशी ऑफिसातून त्यानं सुफियानला फोन लावला. कागदपत्रांबद्दल विचारायचंय, असं ठरवून. सुफियाननं कागदपत्रांचं सांगितलं. 

"मॅडम ठीक हैं?" शेवटी सुफियानच म्हणाला. "घर पहुंच गईं?"

युस्टेसनं समोरची क्लेमची फाईल बंद केली.

"असर की नमाज तक बैठी रहीं ऑफिस में. अर्बाब ने बोला, गाडी से छोड देते हैं. नहीं मानीं. बोलीं, मेरा हस्बंड आएगा, रास्ते में मिलेगा. और पैदल निकल गईं." तो थांबला. "आपने अच्छा नहीं किया, साब."

८

त्यानंतर युस्टेस बरकाला जायची कारणं शोधायला लागला. कारण सापडलं: तिथली मासळी ताजी असते. एका शुक्रवारी चर्चमधल्या मिसाहून तो आणि मागच्या सीटवरची लिलियन तसेच बरकाला गेले. किंगफिश घेतला, बर्फात घालून डिकीत ठेवला. अकराचं ऊन पांढरं झालं होतं.

परतताना, बागांच्या कुंपणापाशी, रस्त्याच्या कडेनं एक बाई चालताना दिसली.

पाठमोरी. फुलाफुलांचा कॉटनचा ड्रेस, उन्हानं विटलेला. खांद्याला पर्स. डावा पाय किंचित ओढत, पण भरभर, शाळेची घंटा व्हायच्या आत पोचायचं असावं तशी. ती चाल त्यानं आयुष्यभर काचेतून बघितली होती, फाटकात शिरेपर्यंत.

"थांबू नका," मागून लिलियन म्हणाली. शांतपणे. त्यानं अजून ब्रेकला पाय लावला नव्हता.

तो थांबला. बाईच्या बराच पुढे जाऊन, कडेला. दार उघडलं तसं ऊन अंगावर कोसळलं. तो मागे चालायला लागला आणि ती समोरून येत राहिली. हवा तापून थरथरत होती, त्यामुळे चेहरा पाण्याखाली असल्यासारखा हलत होता, जुळत होता, परत हलत होता. पायांना गुडघ्यापर्यंत माती. ओठ फुटलेले. मग हवा क्षणभर स्थिर झाली आणि त्यानं तिला बघितलं.

ती रागावलेली नव्हती. दमली होती. उशीर झाला की ज्या नजरेनं ती त्याच्याकडे बघायची, तसंच बघत होती, आणि तोंड उघडून आता ती भडाभडा सगळं सांगणार होती, रस्त्यात काय काय दिसलं ते. त्याचा हात आपोआप पुढे झाला.

मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, गाडीकडे गेली. मागच्या काचेत एक डोकं दिसत होतं. नीट विंचरलेलं. ते वळलं नव्हतं.

ती थांबली.

"कोण बसलंय रे गाडीत?" तिनं विचारलं.

युस्टेसनं खूप काही सांगितलं असतं. त्याला वेळ मिळाला असता, विचार करता आला असता, तर त्यानं वेगळं काही सांगितलं असतं. पण बायकोबद्दल कुणी विचारलं की जे नाव तोंडून निघतं, तेच निघालं.

"लिलियन," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. एखाद्याच्या दारात जावं आणि आत पाहुणे बसलेले दिसावेत, तेव्हा माणूस जसं ओशाळं हसतं, तशी ती हसली. पर्स खांद्यावर नीट केली.

"बरं," ती म्हणाली, आणि वळून आली होती त्याच दिशेनं चालायला लागली.

त्याला हाक मारता आली नाही. कुठल्या नावानं मारणार होता?

तो गाडीत येऊन बसला. दार लावलं. एसीची थंडी घामावर चरचरली.  मागच्या सीटवरून, अगदी मृदूपणे, ती म्हणाली, "चला ना. मासळी खराब होईल."

त्यानं गाडी सुरू केली. निघायच्या आधी एकदाच, रस्त्यावरची ती किती लांब गेली ते बघायला, त्यानं वर आरशात बघितलं. पण आरशातून मागचा रस्ता दिसत नव्हता. मागची ती सीटच्या मधोमध सरकून बसली होती, आणि त्याच्याकडेच बघत होती.